पहिली गुंतवणूक: शिरूर तालुक्यात पाच गुंठे की पुण्यात मांजरीला वन बीएचके? शनिवारपर्यंत टोकन मागतायत

बार्शीची_लेक

नमस्कार मंडळी. इथले धागे बरेच महिने वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वय ३१, लग्न झालेलं नाही, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. हातात पगार ४८ हजार येतो. आठ वर्षांत एफडी आणि आरडी मिळून १२ लाख साठलेत. ह्यातला एकही रुपया कुणी दिलेला नाही, नाइट ड्युट्या करून साठवलेत. म्हणून विचारतेय. गावी बार्शी तालुक्यात वडिलांची चार एकर जिरायत आहे, सातबारा त्यांच्या नावावर. माझं नाव अजून कुठेच लागलेलं नाही.

दोन गोष्टी समोर आहेत.

एक, शिरूर तालुक्यात पाच गुंठे. रांजणगाव एमआयडीसीपासून गाडीवर वीस मिनिटं. गुंठ्याला १ लाख ९० हजार, म्हणजे साडेनऊ लाख. कर्ज लागत नाही. आमच्या वॉर्डातल्या एका ब्रदरने (मेल नर्सने) तिथेच घेतलंय, त्याच्यामार्फत एजंटची ओळख झाली. एजंट म्हणतो, "मॅडम, सातबाऱ्यावर तुमचं नाव लागणार, अजून काय पाहिजे? शेतकरी दाखला नसला तरी आम्ही काढून देतो." शनिवारपर्यंत ५१ हजार टोकन मागितलंय, नाहीतर प्लॉट दुसऱ्याला जाणार म्हणतो.

दोन, मांजरीला रिसेलचा वन बीएचके, ३६ लाख सांगतायत. भाड्याने द्यायचा असा विचार आहे. भाऊ म्हणतो हप्त्यात अडकू नकोस, जमीन घे. आई म्हणते काहीच घेऊ नकोस, एफडी बरी.

ह्यातलं मला काहीच कळत नाही. कुणी नीट सांगेल का?

घोडनदीकाठ

मी शिरूर तालुक्यातलाच. जमिनीला मरण नाही ताई. आमच्या चुलत्यांनी एमआयडीसी यायच्या आधी घेतलेली जमीन आज नातवंडांच्या शिक्षणाला पुरतेय. फ्लॅट जुना होतो, जमीन जुनी होत नाही. बजेटात बसत असेल तर जमीनच घ्या असं माझं मत. पण पाच गुंठे सुटे मिळतायत की सामाईकात, ते विचारून घ्या. गट नंबर आणि गावाचं नाव मला मेसेजमध्ये टाका, उद्या त्या बाजूला जाणारच आहे, डोळ्यांनी बघून सांगतो.

टूलरूम_भोसरी

ताई, "एकही रुपया कुणी दिलेला नाही" हे वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

मी भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. मूळचा पारनेर तालुक्यातला, घरचा शेतकरी. आयुष्यात दोनच मिळकती घेतल्या. २००४ साली आळंदी रोडला वन रूम किचन घेतलं, ते आजही भाड्यावर आहे. आणि २०१२ साली शिरूरकडे तीन गुंठे घेतले. ह्या तीन गुंठ्यांनी मला जे शिकवलं ते तुम्हाला शनिवारच्या आत कळायला हवं.

आमचा व्यवहार असा होता. एका गटातली एक एकर जमीन. गुंठ्यागुंठ्याने विकली तर तुकडेबंदीत (ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यात) अडकते, म्हणून आम्ही १४ जणांनी मिळून एकाच खरेदीखताने ४० गुंठे घेतले. आपापसात कुणाचे दोन, कुणाचे तीन, कुणाचे पाच. एजंटने फक्की मारून रेषा आखल्या, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवले, प्रत्येक खांबावर लाल रंगात नंबर. माझा सहा नंबर. बायकोला घेऊन गेलो, त्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गुंठ्याला १ लाख १० हजार दिले होते.

सातबाऱ्यावर नाव लागलं, एजंटने खोटं काही सांगितलं नव्हतं. पण एकाच सातबाऱ्यावर १४ नावं, आणि माझे तीन गुंठे नेमके कुठले, हे सरकारच्या कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त त्या खांबावर होतं. दोन पावसाळ्यांत खांब पडले. शेजारच्या शेतकऱ्याने बांध सरकवला. मोजणी मागायला भूमी अभिलेखला गेलो तर पोटहिश्श्याच्या मोजणीला सगळ्या सहधारकांच्या सह्या लागतात म्हणाले. १४ जणांपैकी एक वारले होते, त्यांचे वारस सहा. एक नोकरीनिमित्त गुजरातला. एकाने पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, त्याचा बोजा इतर हक्कात चढलेला. त्याचं कर्ज, पण सातबारा आमचा सगळ्यांचा.

२०१९ साली मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी विकायला काढले. तेव्हा आजूबाजूला गुंठ्याचा भाव चार लाख सांगत होते. चार गिऱ्हाइकं आली. चौघांनीही वकिलाला कागद दाखवले आणि चौघेही परत फिरले. बँक अशा तुकड्यावर कर्ज देत नाही, म्हणजे रोखीचंच गिऱ्हाईक हवं, आणि रोखीवाला तर आपल्यापेक्षा जास्त चौकस असतो. शेवटी २०२३ ला त्या १४ जणांतल्याच एकाने तिन्ही गुंठे मिळून ३ लाख ६० हजारांना घेतले. ३ लाख ३० हजारांचे ११ वर्षांनी ३ लाख ६० हजार. मुलीची फी मी पीएफमधून भरली.

म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू उद्या तुमच्याकडून कोण घेणार? भाव किती वाढेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण पुढच्या गिऱ्हाइकाला तिच्यावर बँकेचं कर्ज मिळेल का, हे आज, पैसे द्यायच्या आधी तपासता येतं. ज्या मिळकतीवर बँक कर्ज देत नाही ती विकताना शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं तुमच्या दारात येतच नाहीत. पाहिजे तर तुमच्याच बँकेत जाऊन विचारा: "ह्या पाच गुंठ्यांवर प्लॉट लोन देता का?" नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा. फुकटात वकिलाचा सल्ला मिळतो.

आता शेतकरी दाखल्याचं. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कुळकायद्याचं कलम ६३. बिगरशेतकऱ्याने परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. वडिलांची जमीन वडिलोपार्जित असेल तर तुम्ही शेतकरी आहात हे सिद्ध करता येईल, पण तो कागद बार्शी तहसीलमधून, तुमच्या घरच्या खऱ्या सातबाऱ्यावर आणि आठ-अ (खातेउतारा) वर निघायला हवा. "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याकडून दाखला घेऊ नका. पुढे प्रश्न उभा राहिला की दाखल्यावर नाव तुमचं असतं, एजंटचं नसतं.

तुकडेबंदीत आता सूट आहे, असंही तो सांगेल. २०२३ च्या अधिसूचनेने बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे हे कमीत कमी क्षेत्र धरलंय, आणि २०२५ मध्ये रहिवासी भागातल्या छोट्या तुकड्यांना सवलत देण्याचा निर्णय झाला, हे खरं. पण दस्त नोंदला जाणं वेगळं आणि त्या जागेवर घर बांधायची परवानगी मिळणं वेगळं. बांधकामाला मंजूर लेआउट लागतो, नकाशावर रस्ता लागतो.

शनिवारच्या आत एवढं करा. एजंटकडून फक्त गट नंबर घ्या, त्याने व्हॉट्सॅपवर पाठवलेला सातबारा धरू नका. महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो स्वतः काढा. सगळ्यात आधी उजवीकडचा "इतर हक्क" रकाना वाचा, लोक नेमका तोच वाचत नाहीत. कुणाचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, कोर्टाचा दावा, सगळं तिथे असतं. मग भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणाने विकता येणारी) आहे की वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी) ते बघा. नावांच्या पुढे क्षेत्र वेगवेगळं लिहिलंय की "सामाईक क्षेत्र" म्हणून एकच आकडा आहे ते बघा. खाली "प्रलंबित फेरफार" (नोंदीत व्हायचा राहिलेला बदल) समोर काय आहे ते बघा. टूलरूममध्ये ड्रॉइंग वाचल्याशिवाय आम्ही जॉब मशीनला लावत नव्हतो, तसंच हे.

तोपर्यंत ५१ हजार देऊ नका. विसार पावती लिहून देतो म्हणाला तरी नाही.

फ्लॅटचं उद्या लिहितो, त्याचा हिशोब नीट मांडावा लागेल.

बार्शीची_लेक

काका, मनापासून आभार. दुपारच्या सुट्टीत दोनदा वाचलं. घोडनदीकाठ दादा, तुम्हाला गट नंबर पाठवलाय.

फ्लॅटचा हिशोब प्लीज नक्की लिहा. माझ्या डोक्यात साधं गणित होतं: भाडं १४ हजार येईल, हप्ता थोडा वरून भरायचा, वीस वर्षांनी फ्लॅट आपला.

टूलरूम_भोसरी

लिहितो. पोरी, आता तूच काका म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतो.

३६ लाखांचा फ्लॅट तुला ३६ लाखांत पडत नाही. खरेदी फक्त तुझ्या एकटीच्या नावावर केलीस तर पुणे मनपा हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, बाईच्या नावाला एक टक्का सवलत असते. भावाचं नाव सहमालक म्हणून घातलंस तर ती सवलत जाते, ७ टक्के लागतात. तर २ लाख १६ हजार शुल्क, नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ३६ हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर फी, जास्तीत जास्त २५ हजार, त्याहून जास्त "डोनेशन" मागितलं तर देऊ नकोस. वकिलाचा सर्च रिपोर्ट १० हजार. रंग, गीझर, ग्रिल, गळका नळ मिळून ६० हजार. बेरीज ३९ लाख ७७ हजार. बँकेने २८ लाख दिले तर तुझ्या खिशातून ११ लाख ७७ हजार जाणार. मग १२ लाखांतले उरले २३ हजार, आणि तिकडे आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? हा फ्लॅट तुझ्या मापाचा नाही.

३० लाखांच्या आतला बघ, जुन्या इमारतीतला, पण कागद पूर्ण असलेला. ह्याच हिशोबाने तो ३३ लाख ३५ हजारांना पडतो. २४ लाख कर्ज धरलं तर तुझे ९ लाख ३५ हजार लागतील आणि जवळ अडीच लाखांच्या वर राहतील. त्याला हात लावायचा नाही, हप्त्यांची आणि अडीअडचणीची बेगमी म्हणून ठेवायचे.

आता भाडं. ३० लाखांच्या फ्लॅटला १२ हजार मिळतील असं धरू. वर्षात एक महिना रिकामा जातोच, म्हणून ११ महिन्यांचे १ लाख ३२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १,८०० प्रमाणे २१,६००, घरपट्टी ६ हजार, किरकोळ दुरुस्ती ८ हजार. हातात राहिले ९६ हजार, म्हणजे महिन्याला आठ हजार. घातलेल्या रकमेवर तीन टक्केही नाही. साडेआठ टक्क्यांनी २४ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता २०,८०० च्या आसपास बसतो. म्हणजे दर महिन्याला पगारातून जवळपास १३ हजार घालावे लागणार, सलग, वर्षानुवर्षं. झेपणार असेल तरच.

हे ऐकून आईची एफडी बरी वाटली तर मी तिला चूक म्हणणार नाही. तरीही मला तुझ्यासाठी फ्लॅट योग्य वाटतो, त्याची कारणं सांगतो. गरज पडेल त्या दिवशी तो विकता येतो, कारण घेणाऱ्याला कर्ज मिळतं. आणि तू भाड्याने राहतेस. उद्या घरमालकाने घर खाली करायला सांगितलं तर जायला एक दार राहील. आमच्या वन रूम किचनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या वाईट काळात तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांचं भाडं कधी आलं नाही, आणि ती मिळकत घेतल्याचं समाधान मला सगळ्यात जास्त त्याच तीन वर्षांत वाटलं.

कागदात काय बघायचं: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा मनपाचा दाखला) आहे का, आत्ताच्या मालकाचा इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचा सरकारी उतारा), त्याच्या आधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स, तेही विचार. जुन्या इमारतीत ह्याला फार किंमत असते, पुढे पुनर्विकास झाला तर त्याच्यावरच अडतं.

बांधकाम चालू असलेलं बुकिंग मी तुला सुचवत नाही, भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरावं लागेल. कुणी गळ घातलीच तर महारेरा नंबर टाकून साइटवर बघ, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांच्या वर एक रुपयाही देऊ नकोस. कायद्याने बिल्डरला तो मागताच येत नाही.

गंगापूररोडची

मी नाशिकची. २०१६ पासून एक फ्लॅट भाड्याने देतेय. काकांनी घेण्याचं सांगितलं, मी देण्याचं सांगते, कारण खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

पहिला भाडेकरू ओळखीतून आला होता. सज्जन वाटला, म्हणून साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, रजिस्टर केलं नाही. दीड हजार रुपये वाचवले. दुसऱ्या वर्षी त्याने भाडं थांबवलं आणि म्हणायला लागला की डिपॉझिट दीड लाख दिलंय, मी घेतले होते ४० हजार. वकिलाने सांगितलं, आपल्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात, ते खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. सात महिने गेले. तो माणूस शेवटी स्वतःहून गेला, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची ट्रॉली काढून घेऊन गेला.

तेव्हापासून प्रत्येक वेळी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन नोंदवते. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये. घरीच अंगठा घ्यायला माणूस येतो. करार नोंदलेला असला की मुदतीनंतर न जाणाऱ्याकडून दुप्पट दराने वसुली मागता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, तीही ऑनलाइन होते. चावी देताना मी वीज मीटरच्या आकड्याचा, नळांचा, भिंतींचा फोटो काढून भाडेकरूला तिथल्या तिथे पाठवते, त्याच्याकडून "ठीक आहे" असं उत्तर आलं की मगच चावी.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आमच्याकडे महिन्याला हजार रुपये लावत होते, २००१ चा शासन निर्णय दाखवल्यावर कमी केला.

आणि भाडं तुझ्या उत्पन्नात धरलं जातं बरं का. घरपट्टी वजा जाऊन तीस टक्के सरसकट सूट मिळते, कर्जाचं व्याजही भाड्यातून वजा होतं, पण नव्या करप्रणालीत उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. "होम लोन काढ, टॅक्स वाचेल" असं कुणी सांगितलं तर आधी आपण कुठल्या प्रणालीत आहोत ते बघ.

घोडनदीकाठ

बार्शीची लेक, जागेवर जाऊन आलो. खरं तेच सांगतो. जमीन चांगली आहे, मुरमाड, पाणी साचणार नाही. पण डांबरी रस्त्यापासून आत पाऊण किलोमीटर आहे आणि मधे पाणंद (शेतातला कच्चा रस्ता) आहे, तीही दोन ठिकाणी नांगरून टाकलेली. एजंट चारचाकी नेतो ती शेजाऱ्याच्या बांधावरून. त्या शेजाऱ्याशीच बोललो, तो म्हणाला, "ज्वारी काढली की जातात, पेरल्यावर मी येऊ देत नाही." गावात चौकशी केली, अजून कुणीही तिथे घर बांधलेलं नाही, दोघांनी तारेचं कंपाउंड केलंय एवढंच. मी काल जमीनच घ्या म्हणालो होतो. ही घेऊ नका.

बार्शीची_लेक

दादा, तुम्ही कोण कुठले, माझ्यासाठी एवढं गेलात. तुमचे उपकार विसरणार नाही.

इकडेही सांगण्यासारखं आहे. काल नाइट होती, तीन वाजता वॉर्ड शांत झाल्यावर मोबाइलवरच पंधरा रुपये भरून सातबारा काढला. आयुष्यात पहिल्यांदा सातबारा वाचला, घरी बाबा काढून आणायचे आणि ट्रंकेत ठेवायचे. १९ नावं आहेत. नावांच्या पुढे क्षेत्र नाही, सगळ्यांना मिळून एकच आकडा आणि "सामाईक क्षेत्र". आमच्या ब्रदरचंही नाव त्यात सापडलं, अकरावं. इतर हक्कात एका पीककर्ज सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि दोन बायकांची नावं. प्रलंबित फेरफार: आहे.

सकाळी ड्युटी संपवून एजंटला फोन केला. विचारलं, ह्या दोन बायका कोण? आधी म्हणाला जुनी नोंद आहे, निघून जाईल. मग म्हणाला मूळ मालकाच्या बहिणी आहेत, त्यांची सही "होऊन जाईल". मी म्हटलं, आधी हक्कसोडपत्र दाखवा, रजिस्टर केलेलं, मग टोकन. त्यावर आवाजच बदलला. "मॅडम, एवढी चौकशी करणाऱ्यांचं कधीच घर होत नाही" असं म्हणाला आणि फोन ठेवला. मला थोडा वेळ रडायला आलं, खरं सांगते. पण ५१ हजार माझ्याच खात्यात आहेत.

ब्रदरला काय सांगू तेच कळत नाहीये. त्याने सात लाख घातलेत. त्याला सातबाऱ्याची पीडीएफ पाठवून ठेवली आहे, अजून निळी टिक नाही.

मांजरीच्या फ्लॅटला नाही कळवलं. हडपसरच्या पुढे एक २९ लाखांचा बघितलाय, २००९ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट आहे. रविवारी भावाला घेऊन बघायला जातेय. काका, तिथे गेल्यावर काय बघू?

टूलरूम_भोसरी

त्या दोन बहिणींच्या नावांवर नजर गेली हे फार मोठं काम केलंस. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. त्यांनी उद्या दावा लावला तर १९ जणांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. ब्रदरला समोर बसवून सांग, फोनवर नको. त्याला म्हणावं, बाकीच्या १८ जणांना गाठ, सगळे मिळून एक वकील करा आणि त्या बहिणींशी आत्ताच नीट बोला. आम्ही १४ जण एकत्र आलो असतो तर बरंच निस्तरलं असतं, पण आम्ही एकमेकांना कधी भेटलोच नाही. मला त्या १४ जणांतले पाच चेहरेही आठवत नाहीत.

रविवारी अकराला बोलावतील, तू सकाळी सातच्या आत जा. दलालाला न सांगता. गेटवर उभी राहा आणि टँकर येतो का बघ. आला तर रखवालदाराला विचार, दिवसाला किती येतात, उन्हाळ्यात किती. त्या भागात पाण्याच्या टँकरचा खर्च मेंटेनन्सपेक्षा जास्त होऊ शकतो, आणि माझ्या हिशोबात तो धरलेला नाही. १,८०० चे ३,००० झाले तर सगळं गणित बदलतं. सेक्रेटरीकडे मागच्या वार्षिक सभेचा अहवाल आणि हिशोबपत्रक माग. किती सभासद थकबाकीदार आहेत ते त्यात दिसतं. लिफ्टची सर्व्हिसिंग कधी झाली ते केबिनमध्ये कार्डावर लिहिलेलं असतं.

वर गच्चीवर जा. टाकीच्या भोवती, पॅरापेटला तडे किती आहेत बघ. तिसरा मजला आहे, म्हणजे वरच्या फ्लॅटचं बाथरूम तुझ्या डोक्यावर. बाथरूमच्या स्लॅबला आणि बेडरूमच्या कोपऱ्याला हात लावून बघ. नवा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर का, ते विचार. सगळे नळ एकदम सोड, फ्लश ओढ, आणि पाणी पाच मिनिटं चालू दे.

शेजारच्या दारावरची बेल वाजव. एकटी बाई राहत असेल तर जास्त चांगलं. तिला विचार, रात्रपाळीवरून पहाटे परत येणाऱ्या मुलीला ही सोसायटी कशी आहे. भाड्याला देणार असलीस तरी विचार, कारण एखाद्या दिवशी तूच तिथे राहायला जाशील. आणि इंडेक्स टू ची झेरॉक्स मिळाली तर इथे टाक, नावं आणि फ्लॅट नंबर झाकून. मी आणि नाशिकच्या ताई बघतो.